तोंडाने मोजलेले चाळीस

हा व्यायाम कसा करायचा ते आधी सांगतो, कारण मला लिहायला सांगितलं ते त्यासाठीच. आमच्या फिजिओथेरपीच्या नाझनीन मॅडम म्हणाल्या, "अंकल, मराठीत एक पान लिहून द्या. माझ्याकडे गावांतले पेशंट येतात, मेरी मराठी पे हसते हैं. तुमचं वाचतील." एक पान लिहून दिलं. ते त्यांनी भिवंडीतल्या आपल्या क्लिनिकच्या भिंतीवर लावलं आहे. त्या पानावर जे लिहायची लाज वाटली, ते इथे लिहितो.

पलंगाच्या कडेला बसायचं. गादी पातळ हवी. पाय जमिनीवर टेकलेले, पण पायांनी जोर लावायचा नाही. कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक वीट ठेवायची, कापडात गुंडाळून. तळवे विटांवर, बोटं पुढे. कोपरं मागच्या भिंतीकडे बघत असली पाहिजेत, बाजूला फाकता कामा नयेत. खांदे कानांपासून लांब. आता तळव्यांनी विटा खाली दाबत कोपरं सरळ करायची, म्हणजे बूड चार बोटं वर उचललं जातं. वर दोन आकडे थांबायचं. मग चार आकडे मोजत सावकाश खाली यायचं. धपकन बसलात तर तो धरायचा नाही. हा झाला एक.

एवढं सोपं आहे. या एवढ्याशा गोष्टीत मी दीड महिना लबाडी केली आणि त्यापायी माझ्या बायकोचा उजवा हात मोडला. झालेली गोष्ट मी लोकांना आणि मुख्य म्हणजे तिला कधी आणि कशी सांगितली, ते आता सांगायचं आहे.

गॅप

माझं नाव जनार्दन, वय एक्कावन्न. खारबावच्या अलीकडे आमचं गाव. आमची भातशेती होती, तिच्यावर आता गोदामं उभी आहेत आणि त्यातल्याच एका गोदामात मी टॅलीला होतो. टॅलीवाला म्हणजे ट्रकमधून माल उतरताना नग मोजणारा. हमाल एका मागोमाग एक पेटी घेऊन पुढून जातात आणि मी दारात उभा राहून मोठ्याने आकडे म्हणतो. माझे वडील पायलीने भात मोजताना 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. तीच सवय मला. यूपीचे हमाल हसायचे, "सेठ का एक गायब है." पण माझा आकडा कधी चुकला नाही. पुढे पुढे तर अशी सवय झाली की मी कोणाशी भांडत असलो तरी तोंड आपलं मोजत राहायचं.

पाठ आठ महिने दुखत होती. बाम झाला, कमरपट्टा झाला, गावातल्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली, एका हाड बसवणाऱ्याकडे पालथं पडूनही झालं. एका सकाळी गोदामाच्या दारात उभ्याउभ्या डावा पाय मिटला आणि मी पेट्यांवर पडलो. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून सांगितलं, "मणक्याचा टीबी आहे."

"डॉक्टर, मला साधा खोकला नाही," मी म्हणालो. त्यांनी चूक केली आहे आणि मी ती पकडली आहे, असा माझा सूर होता.

"याला खोकला लागत नाही. औषधांनी बरा होतो. पण तुम्ही उशीर केलात, मणका खचलाय. ऑपरेशन करावं लागेल."

बरा होतो हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी फक्त टीबी एवढंच ऐकलं. परत येताना रिक्षात वनिताला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिलं वाक्य बोललो ते हे, "गावात गॅप सांगायचं."

"कं गॅप?"

"मणक्यात गॅप."

आमच्याकडे मणक्यातला गॅप हा इज्जतदार आजार आहे. मोटारसायकल चालवणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाला तो असतो. टीबी म्हटलं की लोक घरातला चहा घेत नाहीत. आमच्या प्रियांकाचं, एकुलत्या एका मुलीचं, पडघ्याच्या स्थळाशी बोलणं चाललं होतं. (ते पुढे भलत्याच कारणाने फिसकटलं.) वनिताने मान हलवली. नंतर ती इतकी तयार झाली की भेटायला येणाऱ्यांना दोन बोटांत अंतर ठेवून गॅप केवढा ते दाखवायची. मला हसू यायचं. माझ्यासाठी खोटं बोलायला तिला मीच शिकवलं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

वॉर्ड

ऑपरेशन झालं तोपर्यंत दोन्ही पाय गेले होते. पाठीत रॉड आणि स्क्रू. पाय परत येतील, पण नसा सावकाश जाग्या होतात, किती महिने ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

वॉर्डात दिवस घड्याळावर नाही, कुशींवर चालतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. सकाळी अंग पुसणं, मग नाश्ता, मग डॉक्टरांचा राउंड. त्यात मी काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवायचो आणि ते आले की विसरायचो. भीती कशाची होती म्हणाल, तर मरणाची नव्हती. पुढची वीस वर्षं दुसऱ्याच्या हाताने संडास करायची, याची होती.

तिथे एक मावशी होत्या, बेडपॅन द्यायच्या. पडदा ओढला की त्या मासळीवर बोलायला लागायच्या. आज मांदेली मिळाली, पापलेटात राम राहिला नाही, तुमच्या खाडीत आता काय मिळतं. मी उत्तरं देत राहायचो आणि तेवढ्यात काम झालेलं असायचं. त्यांना मासळीत काही रस नव्हता, त्या माळकरी होत्या. हे मला घरी यायच्या दिवशी कळलं. त्यांच्या पाया पडायला हवं होतं, पण पडता येत नव्हतं.

दंडाची मागची बाजू

जुलैत घरी आलो. नाझनीन मॅडम स्कूटीवरून दर गुरुवारी यायच्या. वय तिशीचंही नसेल. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा दंड चाचपला. मी सवयीने बेटकुळी काढून दाखवली. तरुणपणी आम्ही गावदेवीच्या पालखीला खांदा द्यायचो, तेव्हापासूनची सवय.

"ये नहीं चाहिए, अंकल," त्या म्हणाल्या आणि दंडाच्या मागच्या बाजूला दोन बोटं टेकवली. "ट्रायसेप्स. बेटकुळी ओढायला लागते. तुम्हाला आता ढकलायचंय. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर. जब तक पैर नहीं आते, यही आपके पैर हैं."

मग त्यांनी विटा मागवल्या आणि वर लिहिला तो व्यायाम शिकवला. दहा-दहाचे चार फेरे, रोज चाळीस. त्या स्वतः जमिनीवर बसून, कोपरं कुठे जातात ते मला दाखवत होत्या.

मी पहिला प्रयत्न केला. बूड उचललंच नाही. खांदे कानांपर्यंत आले, कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी बाजूला गेली, मान थरथरली. दारात वनिता आणि प्रियांका उभ्या होत्या. पन्नास किलोच्या गोणी हसत उचललेला माणूस मी, माझंच बूड मला उचलेना. "होईल, होईल," मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो, "यांना बाहेर पाठवा."

त्या दिवसापासून व्यायामाच्या वेळी दार लोटलेलं असायचं.

लाभ, दोन, तीन

लबाडी पहिल्या दिवशी झाली नाही. पहिला आठवडा मी खरंच केलं. पाच व्हायचे, सहा व्हायचे, त्यातले निम्मे चुकीचे. दंडाच्या मागे आग व्हायची आणि सहाव्यानंतर हात ऐकायचे नाहीत. वनिता स्वयंपाकघरातून विचारायची, "किती झालं?" सहा म्हणायची मला लाज वाटायची. एकदा मी थकून विटांवर हात ठेवून नुसता बसलो होतो आणि तोंडातून निघालं, "सात." मग आठ. मग नऊ. गोदामाच्या दारात निघायचं तसं, आपोआप. दहा झाल्यावर आतून वनिताचा आवाज आला, "वा!"

त्या 'वा'ची मला चटक लागली.

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ मी दार लोटून बसायचो आणि मोठ्याने मोजायचो. लाभ, दोन, तीन. मधे दमल्यासारखा श्वास सोडायचो. पस्तिसाच्या पुढे आवाज जरा ओढायचो. खरे व्हायचे आठ, कधी पाच, कधी एकही नाही. गुरुवारी मॅडमसमोर दहा करायचो, ते अंगाला झोका देऊन आणि वरून धपकन खाली बसून. त्या कोपरं धरून सरळ करायच्या, "झटका नहीं, अंकल, धीरे." मी हो म्हणायचो. त्यांनी रोज किती होतात ते विचारलं की मी बोलायच्या आधी वनिताच सांगायची, "चालीस! मी सोता ऐकतंय."

का केलं असं, हे मी स्वतःला फार विचारलंय. दुखायचं, हे एक झालं. पण खरं कारण हे, की करून पाहिलं आणि नाहीच जमलं तर काय, याची मला धास्ती होती. केलंच नाही तर निदान तसं ठरत तरी नाही. आणि दुसरं कारण त्याहून हलकट आहे. वनिता मला उचलत होती. पंचेचाळीस वर्षांची बाई कमरेत वाकून ऐंशी किलोचा माणूस दिवसातून सहा वेळा उचलत होती आणि माझं चाललं होतं.

अंडी

महिन्याभराने मॅडमनी पुन्हा दंडाची मागची बाजू चाचपली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अब तक मसल आना चाहिए था. हात तर आजारी नाहीत. खाना ठीक है ना?"

वनिताने हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी पायाचं सूप, संध्याकाळी कोलंबी नाहीतर बोंबील. तिच्या ताटातला तुकडाही माझ्या ताटात यायला लागला. "मना नको, मना पित्त होतं," ती म्हणायची. मंगळवारी गावदेवीला जाऊन ओटी भरून आली. औषध लागू पडत नाही की काय, अशी भीती तिने प्रियांकाजवळ बोलून दाखवली आणि दोघी रडल्या. मी पलीकडच्या खोलीत होतो. भिंत एक विटेची आहे, सगळं ऐकू येतं.

मी उठून सांगायला हवं होतं, किंवा न उठता सांगायला हवं होतं. मी ती अंडी खाल्ली.

सकाळचे नऊ

गणपती पंधरा दिवसांवर आले होते. प्रियांका कामाला गेली होती. वनिताने चाकाची खुर्ची पलंगाला तिरकी लावली, ब्रेक दाबले, माझ्या कमरेचा पट्टा धरला. त्या आठवड्यापासून पद्धत बदलली होती. मॅडमनी तिला बजावलं होतं, "भाभी, अब पूरा मत उठाओ, तुमची कंबर जाईल. अंकल चालीस करते हैं ना? वजन वो उठाएंगे, आप सिर्फ घुमाओ."

आधीचे दोन दिवस कसंबसं निभावलं होतं, कारण ती सांगितलं तरी थोडं उचलायचीच. त्या दिवशी तिने मॅडमनी सांगितलं तसंच केलं.

"उचला," ती म्हणाली.

मी हात दाबले. बूड सुटलं, तिने वळवलं आणि पलंग आणि खुर्चीच्या मधोमध माझी कोपरं बाजूला फाकली, थरथरली आणि मिटली. मी सरळ तिच्यावर गेलो. तिचा उजवा हात खुर्चीच्या पायठेवणीवर अडकला होता आणि त्यावर आम्ही दोघं. बारीकसा आवाज आला. वाळकी काटकी मोडते तसा.

ती ओरडली नाही. तोंड माझ्या खांद्याखाली दाबलं गेलं होतं. "उठा," ती म्हणाली. "अवो, जरा उठा. हात हाय खाली."

तिच्या अंगावरून उठायला तळवे जमिनीला टेकून कोपरं सरळ करायची होती. चार बोटं वर, बस. दीड महिना मी नेमकं तेच केल्याचं सोंग करत होतो. मी दाबलं, खरंच दाबलं, जीव खाऊन दाबलं. दोन बोटं उचललो गेलो आणि परत तिच्यावरच पडलो. ती तेव्हा ओरडली.

शेजारची सुमन, माझ्या चुलतभावाची बायको, धावत आली. तिने दोन माणसं बोलावून मला बाजूला केलं. वनिता मनगट छातीशी धरून भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढरा पडला होता. सुमनने विचारलं, "कसा झाला गो?"

"फरशी ओली व्हती," वनिता म्हणाली. "माझाच पाय सरकला. मी पडले म्हनून ते पडले."

माझा गाल अजून फरशीला टेकलेला होता. ती कोरडी होती. पुसायची होती अजून.

सगळे तिला बोलले

हॉस्पिटलात दोघांचेही एक्स-रे काढले. माझे रॉड-स्क्रू जागेवर होते. तिचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. तिचा मोठा भाऊ मधुकर आला तो आधी माझ्या स्ट्रेचरजवळ. "भावोजी, बरं हाव ना?" मग तिच्याकडे वळला. "आजारी मानूस उचलताना फरशी ओली ठेवतान का गो? त्यांच्या पाठीत लोखंड हाय. काय झाला असता तर?"

वनिताने मान खाली घातली. "चुकला दादा," ती म्हणाली.

मी छताकडे बघत होतो. जो आला तो तिला हेच बोलून गेला.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "फरशी कुठे ओली होती?"

"मग कं सांगू? एवरी मेहनत करता तुमी, रोज चालीस. एक दिस हात न्हाय चालला. तेवढ्यावरून लोकांनी तुमाला नावं ठेवायची?"

तेव्हा सांगायचं होतं. ती समोर बसली होती, खोलीत कोणी नव्हतं. मी म्हणालो, "पाणी दे जरा." आणि ती डाव्या हाताने पाणी घेऊन आली.

पाच

गुरुवारी नाझनीन मॅडम आल्या. त्यांनी दार लावलं, स्टूल ओढून माझ्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "चला, करा. मी हात लावणार नाही, बोलणार नाही."

झोका न देता, धपकन न बसता तीन झाले. चौथ्याला हात थांबले.

"चालीस?" त्यांनी विचारलं.

मी विटांकडे बघत राहिलो. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. "चूक माझी पण आहे," त्या म्हणाल्या, "मी मोजलं नाही, मान लिया. पण भाभीला मी नाही सांगणार. वो आप बताओगे. आता शून्यापासून. रोज पाच. लेकिन सही पाच."

इथे माझ्यासारख्या कोणासाठी चार गोष्टी लिहितो. खाली येताना जास्त दुखतं आणि ताकद तिथेच येते, तेव्हा खालचे चार आकडे खाऊ नका. कोपरं फाकायला लागली की तो फेरा संपला, मग आकडा कितीही असो. शक्य असेल तर बाजूला आरसा ठेवा. दार लोटू नका. आणि मोजायला दुसऱ्या कोणाला तरी बसवा.

मला मोजायला प्रियांका बसायची. तिने कामावरून सुट्टी घेतली होती. त्या दिवसांत माझं कमोडचंही तीच करायची. मोबाईलवर गाणी लावायची, तोंड दुसरीकडे करून पट्टा धरायची आणि झालं की हात धुऊन आईला भरवायला जायची. तिच्याशी डोळे मिळवायला मला दहा दिवस लागले. मी तिलाही काही सांगितलं नाही. पाचाचे आठ झाले, आठाचे बारा. नवरात्रात पलंग आणि खुर्चीवर आडवी टाकलेल्या फळीवरून सरकत खुर्चीत जायला लागलो, ती नुसती बाजूला उभी. पायाचे अंगठेही हलायला लागले होते. सगळं सुधारत होतं आणि मला रोज जास्त वाईट वाटत होतं.

भाऊबीज

वनिताचं प्लॅस्टर निघालं, पण मनगट वाकडं बसलं. तळहात पूर्ण वर वळत नाही. तांदळाची भाकरी थापायला दोन्ही हात खेळते लागतात. आळीत तिच्या भाकरीचं नाव होतं. भाऊबिजेला मधुकर, त्याची बायको, पोरं आली, तेव्हा भाकऱ्या सुमनकडून आल्या.

मधुकर पाटावर बसला. वनिताने ताट डाव्या हातात घेतलं, उजव्याचा नुसता टेका दिला. ओवाळताना ताट कललं. सुपारी घरंगळली, निरांजन घसरलं, ते मधुकरने वरच्यावर धरलं.

"सांभाल गो बाय," तो हसत म्हणाला. "भावोजींना पाडलंस, आता मना जालशील."

सगळे हसले. वनिताही हसली. मला तिचं हसणं सहन झालं नाही.

"मधुकर," मी म्हणालो, "तिने मला पाडलं नाही. फरशी कोरडी होती. मी तिच्यावर पडलो, कारण माझ्या हातांत जोर नव्हता. आणि जोर नव्हता, कारण मी व्यायाम करतच नव्हतो. नुसतं तोंडाने मोजत होतो. चाळीसपैकी पाच-सात करायचो. दीड महिना."

मधुकर पाटावरून उठला नाही, पण त्याचा चेहरा लाल झाला. "मी तिला हॉस्पिटलात बोललू," तो म्हणाला. "चार मानसांत बोललू. तुमी तिथंच व्हतांव."

"होतो."

वनिता ताट धरून तशीच उभी होती. माझ्याकडे बघत होती. "रोज?" तिने विचारलं.

"रोज."

"मी भांडी घासायची थांबायची," ती म्हणाली. "तुमचा आकडा चुकू नये म्हनून."

मग तिने भावाच्या कपाळाला टिळा लावला, डाव्याच हाताने. "दादा, तोंड गोड कर," म्हणाली. मधुकरने करंजीचा तुकडा तोंडात घातला.

आता वाटतं, तिला आधी एकटीला सांगायला हवं होतं. चारचौघांत बोलून मी मोकळा झालो आणि तिला रडायलाही जागा ठेवली नाही. खरं बोलतानाही मी माझीच सोय बघितली.

जेवणं झाल्यावर मधुकर म्हणाला, "बाय, चल आठ दिस." माझ्या आजारपणात ती एकदाही माहेरी गेली नव्हती. तिने माझ्याकडे न बघता पिशवी भरली. जाताना प्रियांकाला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. मला म्हणाली, "जाते." येते म्हणतात आमच्यात.

दुपारचा फोन

दुसऱ्या दिवशी प्रियांका कामावर रुजू झाली. मी पहिल्यांदाच घरात एकटा होतो. अकराच्या सुमारास खुर्चीत बसायचं ठरवलं. फळी लावली, ब्रेक दोनदा तपासले, तळवे टेकवले, कोपरं मागे. वीस मिनिटं लागली. मधे एकदा फळीवरच थांबून राहिलो, पुढेही जाववेना आणि मागेही. पण बसलो. कोणाचा हात न लागता बसलो. घाम पुसला आणि खिडकीपर्यंत खुर्ची नेली.

साडेबाराला वनिताचा फोन आला. तिचा आवाज कोरडा होता.

"जेवलात?"

"जेवतो आता. प्रियांकाने डबा ठेवलाय."

"पलंगावरच हाव का?"

"नाही. खुर्चीत बसलोय. माझा मी बसलो."

पलीकडे तिच्या भावाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मला वाटलं, 'वा' म्हणेल. मी वाट बघत होतो, हे कबूल करतो.

"खरं?" तिने विचारलं.

आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. मी कामावरून उशिरा आलो, पगार कमी दिला, पाठ दुखत नाही म्हणालो, गॅप सांग म्हणालो. तिने हा शब्द मला कधी विचारला नव्हता.

"खरं," मी म्हणालो.

"व्हिडिओ लावा."

मी लावला. मोबाईल लांब धरून खुर्ची दाखवली, चाकं दाखवली, रिकामा पलंग दाखवला. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या मागे खोलीत आणखी कोणी आहे का ते बघत होती. नीट बघून झाल्यावर "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

आठव्या दिवशी ती परत आली. आता मी दिवसातून सहाही वेळा माझा मी खुर्चीत जातो, काठी धरून चार पावलंही टाकतो. ती बाजारात गेली, माहेरी गेली की दुपारी फोन करते आणि विचारते. मी व्हिडिओ लावतो.